दोन वर्षांसाठी गेलेला वकील

प्रल्हाद गेल्याची बातमी मी स्वतःच्या हातानं भिंतीवर लावली आणि अर्धा दिवस गिऱ्हाइकांना अभिमानानं दाखवली. आता तुम्ही म्हणाल, हा कसला दोस्त... तर सांगतो. मला वाचता येत नाही. मराठी नाही, तेलुगू नाही, इंग्लिशचं तर नावच नको. अफझलगंजच्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात इंग्लिश पेपर येतो, पण तो कोटाचा नमुना कापायला. त्या दिवशी पान पसरलं, कात्री उचलली, तर आत प्रल्हादचा फोटो. केवढा मोठा! अंगात सूट मी शिवलेला, कॉलरवरनंच ओळखला. म्हणलं, पल्याला अजून एक बक्षीस मिळालं. त्याला मिळायची तशी. विजेच्या कारखान्यांमध्ये पैसे लावणाऱ्या कंपनीचा मोठा साहेब होता तो. मी कात्री ठेवली, टाचण्या घेतल्या आणि फोटो आरशाशेजारी लावला. येईल त्याला सांगायलो, "हा माझा दोस्त. काचीगुड्याच्या शाळेत एका बाकावर होतो आम्ही." लोक नुसती मान हलवायले. ज्यांना वाचता येत होतं त्यांना वाटलं असंल, दुःखात माणूस असाच बोलतो. दुपारी शेजारचे अत्तरवाले सलीमभाई आले. चष्मा वर करून फोटोखालचं वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "किशनभाई, ये क्या खुशी खुशी लगा के बैठे? ये तो गुजर गए ना... परसों."

टाचण्या काढताना एक बोटात घुसली. शिंप्याला टाचणी लागणं म्हणजे आचाऱ्याला तिखट लागणं, कुणी विचारतसुद्धा नाही.

त्याला महिना-दीड महिना झाला. पेपरचे पुरवणीवाले म्हणाले, प्रल्हाद कंधारकरांबद्दल चार चांगले शब्द बोला, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी म्हणलं, चांगले शब्द हॉटेलातल्या शोकसभेत बोलून संपले. माझ्याकडं राग शिल्लक आहे, चालंल का? ते म्हणाले, चालंल. म्हणून बोलायलो.

प्रल्हादचे वडील, तात्या, निजामाच्या काळात कंधारकडून हैदराबादला आले. कोर्टात पेशकार होते. म्हणजे जज्जाच्या खालच्या टेबलाशी बसायचं आणि एकेक फाइल वर सरकवायची. जन्म त्यात गेला. त्यांची एकच इच्छा, पोरानं जज्जाच्या खाली बसू नये, समोर उभं राहावं. माझ्या बापाची पण माझ्याबद्दल एक इच्छा होती, की मी तिसरीतून चौथीत जावं. तात्यांची पुरी झाली. मला तिसरी इतकी आवडली की मास्तरांनी शेवटी हात जोडून घरी पाठवलं. मी बापाच्या मशीनवर बसलो आणि पल्या कायद्याच्या कॉलेजात गेला.

त्याला सनद मिळाली तेव्हा पहिला काळा कोट मी शिवला. माझाही तो पहिलाच कोट. डावा खांदा उतरला. ट्रायल घेतली, उसवला, परत शिवला, तर उजवा उतरला. पल्या म्हणाला, "राहू दे बे, मी वाकडा उभा राहतो, जज्जाला सरळ दिसंल." आणि खरंच तो जन्मभर कोर्टात जरा एका अंगाला झुकून उभा राहायचा. लोकांना वाटायचं ही त्याची ऐट आहे. वर कोट कुणी शिवला असं विचारलं की हा माझं नाव-पत्ता सांगायचा. त्याच्या एका कोटानं माझं निम्मं गिऱ्हाईक पळवलं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तो दुकानात यायचा. कोर्ट आमच्या गल्लीपासून जवळ. मी कापायच्या फळीवर मांडी घालून बसायचो, गळ्यात टेप, आणि हा आरशासमोर उभा राहून उद्याची केस माझ्यापुढं चालवायचा. मी जज्ज. "माय लॉर्ड" म्हणायचा मला! अंगठा उठवणाऱ्याला! त्याचा हिशेब सरळ होता. म्हणायचा, "किशा, तुला समजलं म्हणजे कुणालाही समजंल. तुझ्या खाली कोणीच नाही." मला समजलं नाही की तो घरी जाऊन परत लिहायचा. मी कधी कधी झोपी जायचो, तर म्हणायचा, "बरोबर, खरे जज्जसुद्धा इथंच झोपतात." निकाल मी कायम त्याच्या विरोधात द्यायचो. तेवढीच माझी ताकद.

अशीच एका संध्याकाळी त्यानं तळ्याची केस चालवली. शहराबाहेर, लांब, एका मोठ्या तळ्यावर मासे धरणारी माणसं होती. तेव्हा नुकतंच सरकारनं सांगितलं होतं की विजेचे कारखाने आता खासगी लोकांनीही काढावेत. एका कंपनीला ते तळं पाहिजे होतं, पाणी कारखान्याला आणि काठ राख टाकायला. गावाला विचारलं असं कागदावर लिहिलेलं, गावाला माहीतच नाही. त्या लोकांचा म्होरक्या मल्लय्या. काटक माणूस, बोलताना हात असे हलवायचा जसं जाळंच फेकायलाय. पल्यानं माझ्यापुढं ती केस चालवली आणि जन्मात पहिल्यांदा मी निकाल त्याच्या बाजूनं दिला. दुसऱ्या दिवशी कोर्टानं पण स्टे दिला. पल्या नाचत दुकानात आला. मागं मल्लय्या, हातात केळीच्या पानात बांधलेले मासे. माझ्या दुकानात शिवायला आलेल्या सगळ्या शेरवान्यांना पुढं आठ दिवस वास मारायला. एका नवरदेवानं तर कोट परत केला.

आणि त्या स्टेमुळंच तो कोर्टातनं गेला. हे हॉटेलात कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगायलो.

हिमायतनगरला नवीन कंपनी निघाली होती. स्वतः वीज करायची नाही, करणाऱ्यांना पैसे द्यायचे, त्यात भागीदारी घ्यायची. त्यांना असा माणूस पाहिजे होता ज्याला कारखाना कुठं अडकतो ते माहीत आहे. अडकवणाऱ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? त्यांनी पल्याला बोलावलं. हा सांगायला आला तेव्हा डोळे असे चमकायले जसं लग्न ठरलंय.

"किशा, देश उघडायलाय बे!"

मी म्हणलं, "मग दाराशी उभा राहा, वारा येईल."

"मजाक नको करू. दोन वर्षं फक्त. तात्यांचं दुखणं आहे, घर आहे. सनद थांबवून ठेवायची, मेली नाही ती. दोन वर्षांनी परत इथंच उभा राहतो."

"आणि मल्लय्या?"

"चांगल्या वकिलाच्या हातात देऊन चाललो. आणि शेवटची सुनावणी लागली तर मी आहेच की. ती केस माझी आहे. कोट सांभाळ."

कोट माझ्याकडं ठेवून गेला. दर वर्षी श्रावण सरला की यायचा, कोट घालून बघायचा. पोट वाढलेलं असायचं. मी शिवणीत भरपूर कापड सोडतो, ती एक गोष्ट मला नीट येते. बाजूची शिवण उसवायची, बोटभर सैल करायची, परत घालायची. म्हणायचा, "बस, पुढच्या वर्षी येतो." दोनाची चार वर्षं झाली, चाराची सहा. कोट वाढत गेला, आत वकील बारीक होत गेला.

काम काय करायचा ते तो सांगायचा. पहिल्यांदा कायद्याच्या टेबलावर होता, कागद तपासायचा. मग म्हणाला, कागद तपासणाऱ्याला विचारतं कोण, आकडे मांडणाऱ्याचं चालतं. मग रोज ऑफिस सुटल्यावर आकडे शिकायला लागला. मुंबईला जाऊन शिकून आला. सवयीनं एकदा माझ्यापुढं आरशात उभा राहून आकड्यांची केस चालवली. पंधरा वर्षांनंतर विजेचा भाव काय असेल, कर्ज किती, जोखीम कुणाच्या डोक्यावर. मी डोळे फाडून ऐकलं. म्हणलं, "पल्या, काय समजलं नाही." पूर्वीचा असता तर घरी जाऊन परत लिहिलं असतं. हा हसला, म्हणाला, "तुला समजायची गरज नाही आता." तेव्हाच मी उठून त्याच्या कानाखाली द्यायला पाहिजे होती. मी काय केलं? मी पण हसलो. म्हणलं, बरं झालं बाबा, माझी जज्जगिरी सुटली.

आणि भांडणार कुठल्या तोंडानं? त्या दिवसांत करंट जायचा तो तासन् तास जायचा. माझी विजेची इस्त्री गार, मशीनची मोटार बंद, लग्नसराईत गिऱ्हाईक उरावर. मी सरकारला शिव्या घालायचो. पल्या ते ऐकून म्हणायचा, "बघ, तुला करंट पाहिजे का नको? कुठून येणार तो? मल्लय्याच्या तळ्यातून नको, मग कुणाच्या?" मी कोळशाची इस्त्री फुंकायलो आणि राख माझ्याच तोंडावर.

मग एका गुरुवारी मल्लय्या दुकानात आला. घामानं भिजलेला. म्हणाला, "दर्जी अय्या, सोमवार को आखरी है. वकील छोड दिया." पल्यानं ज्याच्या हातात केस दिली होती तो सरकारी वकील झाला, त्याला सोडणं भाग होतं. मल्लय्या चार ठिकाणी फिरला. इतक्या जुन्या केसला तीन-चार दिवसांत कोण हात लावणार? मी समोरच्या एसटीडीतनं पल्याला फोन केला. संध्याकाळी स्वतः आला. गाडीतनं उतरला, टाय काढून खिशात कोंबली आणि मल्लय्याला म्हणाला, "कागज लाए?"

मल्लय्यानं पिशवी पुढं केली. पल्या फळीवर बसला, माझ्या जागेवर, आणि वाचत राहिला. मध्येच म्हणाला, "किशा, हे लोक हरूच शकत नाहीत बे. फक्त उभं राहून सांगायला पाहिजे कुणीतरी." जुना पल्या होता तो. त्यानं सांगितलं की कंपनीत विचारलं होतं, साहेब लोक म्हणाले, हे कारखानेवालेच आपलं गिऱ्हाईक, त्यांच्याविरुद्ध कोर्टात उभा राहशील तर इथलं दार बंद. त्याच आठवड्यात त्याला वरची खुर्ची मिळायची होती, सगळं ठरलं होतं. मी म्हणलं, "मग?" म्हणाला, "मग काय. सोमवारी सकाळी राजीनामा टाकतो आणि थेट येतो. सनदेचं मी बघितलंय. तू कोट घेऊन गेटवर थांब." आणि कोट अंगात घातला तर बटण आणि काजं एकमेकांची तोंडं बघायला तयार नाहीत. तिघंही हसलो. त्यानं पोट आत घेतलं, मल्लय्यानं दोन्ही बाजूनं ओढलं, तरी नाही.

रविवारभर मी तो कोट उसवला. होतं नव्हतं तेवढं शिवणीतलं कापड सोडलं, पाठीत पट्टी घातली. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आले. कसे आले मलाच माहीत नाही, चुकून आले असतील. बायकोला उठवून दाखवले. ती म्हणाली, "आता हेच करत बसा, गिऱ्हाइकांचे गेले तेल लावत."

सोमवारी मी गेटवर उभा. हँगरला कोट, वर स्वच्छ कपडा. मल्लय्या आणि त्याची माणसं झाडाखाली बसलेली, डोळे माझ्यावर. हँगर घेऊन उभ्या माणसाला कोर्टाच्या गेटवर काय इज्जत? पहिल्या कारकुनानं विचारलं, "क्या भाव दिया मामा?" दुसरा म्हणाला, "किराये का है क्या?" मी काय गप्प बसणार? म्हणलं, "हौ, घंटे के हिसाब से. अंदर का वकील अलग से लगेगा." खी खी खी. गर्दी जमली. मी बोलत राहिलो, कारण बोलणं थांबलं की रस्त्याकडं बघावं लागायचं, आणि रस्त्यावर पल्या नव्हता.

कोर्ट बसायची वेळ झाली. तेवढ्यात एक कोवळा वकील पळत आला, त्याच्या कोटावर चहा सांडलेला, काळ्यावर पांढरा ओघळ. रडकुंडीला आलेला. म्हणाला, "चाचा, पाच मिनट के लिए दे दो, मेरा पहला नंबर है." मी रस्त्याकडं बघितलं. म्हणलं, पल्या येईपर्यंत परत येईल, आणि याचं आत काम आहे, तर मल्लय्याचं पण दोन शब्द बोलंल. तसं विचारलं तर म्हणाला, "उनके कागज पे मेरा नाम नहीं, मैं कैसा बोलूँ?" तरी मी दिला. त्याच्या अंगात घातला तर दोन माणसं मावतील एवढा कोट, बाह्या बोटांच्या खाली. कारकून खदखदून हसले. तो पोरगा पण हसला, मल्लय्या पण झाडाखालून हसला. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसला? मी. पाठीवर थाप मारून त्याला आत ढकलला.

पाच मिनिटांत कोट परत आला. पल्या आला नाही. आत मल्लय्याच्या केसचा पुकारा झाला, एकदा, परत एकदा. वकिलाच्या जागी कोणी नाही. मल्लय्या आत जाऊन हात जोडून तेलुगूत काहीतरी बोलला. पण निकाल लागला. खारीज. स्टे उठला. परत लावता येते म्हणे अशी केस, पण लावणारा कोण? तळ्यावर मोठाली यंत्रं पोचली. त्या दिवशी जाताना मल्लय्या हँगरकडं बघून म्हणाला, "अच्छा सिया अय्या." चांगला शिवलास. त्यापेक्षा त्यानं तो हँगर माझ्या डोक्यात घालायला पाहिजे होता.

पल्या महिन्याभरानं आला. हातात सुटाचं कापड. वरच्या खुर्चीसाठी. म्हणाला, "त्या दिवशी मीटिंग लांबली रे." मी टेप काढला. छाती घेतली, कंबर घेतली. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगतो. टाचण्या काढल्यावर पण सोमवारचं विचारलं नाही. मी म्हणलं, "साहेब, पोटाला किती वर्षांची मुदत धरायची?" तो हसला. त्याला बरं वाटलं. त्यानंतर कोट त्यानं कधी मागितला नाही. मी त्याचे सूट शिवत राहिलो, एकाहून एक सरस शिवले, कोण जाणे कुणावर सूड म्हणून. तो मोठा होत गेला. विमानं, बक्षिसं, फोटो. आमच्या भागात करंट जायचा कमी झाला, ते पण खरं. विमानतळावरच छातीत कळ आली आणि गेला.

शोकसभेला मी माझा एकुलता एक सूट घालून गेलो. मोठं हॉटेल. दारात उभा राहिलो तर एका बाईंनी मला पाणी मागितलं. मी आणून दिलं. मग दुसऱ्यांनी मागितलं. चार-पाच जणांना पाजल्यावर वैनींनी बघितलं, प्रल्हादच्या बायकोनं, आणि हात धरून पुढं बसवलं. स्टेजवर कंपनीचे थोरले साहेब बोलायले. म्हणाले, कायदा मागं बघतो, पैसा पुढं बघतो, प्रल्हादनं हे वेळेवर ओळखलं आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाही. टाळ्या! मेलेल्या माणसासाठी टाळ्या, आणि त्या पण खोट्या गोष्टीला. दर श्रावणानंतर येऊन कोट घालून बघणारा माणूस मागं वळत नव्हता? मी उठलो. बोलायचं होतं. पण मी उठलो तसा शेजारच्यानं रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. आणि मी तो घेऊन बाहेर आलो... असा मी.

बाहेर गाड्यांजवळ त्याचा ड्रायव्हर उभा होता, यादगिरी. सुरुवातीपासून त्याच्याकडंच होता. मला म्हणाला, "आप वो कोटवाले ना? चलो, छोड देता दुकान पे." मागचं दार उघडलं. मी पुढं बसायला निघालो तर म्हणाला, "नक्को, साब की जगा बैठो." बसलो. मऊ सीट, त्याच्या वजनानं एका बाजूला दबलेली. नया पूल समोर दिसायला लागला. कोर्टाच्या समोर आलो तशी त्यानं गाडी हळूहळू कडेला घेतली आणि थांबवली.

"यहींच खडे थे हम," म्हणाला.

"कवा?"

"वो सोमवार को. साब सुबू ऑफिस नहीं गए. सीधा इधर बोले. चिट्ठी थी जेब में, राजीनामे की. बहुत देर बैठे. मैं बोला, साब, उतरो. बोले, रुक रे, जरा रुक. आपकू देख रहे थे." यादगिरीनं आरशातनं माझ्याकडं बघितलं. "फिर आप वो कोट किसी और कू पहना दिए. सब हस रहे थे, आप भी. साब भी हसे जरा. बोले, चल यादगिरी... कोट गया. किशा का अच्छा चल रहा."

मी काचेतनं बाहेर बघितलं. काळी काच. रस्ता, रस्त्यापलीकडं गेट. कोर्ट सुटायची वेळ होती. दोन कारकून पान खात उभे, एकानं दुसऱ्याच्या पाठीत थाप मारली, दोघं वाकून वाकून हसायले. आवाज काही नाही. एसीची नुसती घरघर. आतून माणसाचे फक्त दात दिसतात हो. त्यानं माझे दात बघितले!

कोट गेला म्हणे! अरे, पाच मिनिटांसाठी गेलता तो! मल्लय्या झाडाखाली बसलाय ते नाही दिसलं तुला? मी हसतो म्हणजे माझं चांगलं चाललंय, हे कुणी सांगितलं तुला? एका बाकावर बसलास ना माझ्या? मास्तर मारायचे तेव्हा पण मी हसायचोच की! खिशात चिठ्ठी घेऊन बसलास, आणि बहाणा पाहिजे होता तुला एक... तो पण मीच दिला, नीट मापाचा. आणि वर मला सांगून मेलास की मीटिंग लांबली.

यादगिरी म्हणाला, "चलू भाई? दुकान आगे है ना?"

मी दाराला हात लावला. कुलूप वगैरे काही नव्हतं. एक छोटा खटका आहे, आतून ओढायचा. ओढला. दार उघडलं तसा सगळा आवाज एकदम आत घुसला, हॉर्न, पानवाला, त्या कारकुनांचं हसणं. एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. उभा राहिलो. यादगिरीला म्हणलं, तू जा, मी चालत जातो.

बघितलंस पल्या? उतरायला एवढंच लागतं. मी तिसरी नापास, गुडघे गेलेले. मला जमलं.